थकलेल्या ड्रिलचा मामला

बिनतारी ड्रिल दोन वर्षे कपाटाच्या खालच्या फळीवर पडून असावे, पडद्याची दांडी बसवायची वेळ आली म्हणून ते बाहेर काढून रात्रभर चार्जिंगला लावावे, आणि सकाळी भिंतीला टेकवताच त्याने दोन गिरक्या घेऊन मान टाकावी, हा अनुभव आता इतक्या घरांतून येतो की ‘हे दुरुस्त करावे की नवे घ्यावे’ हा प्रश्न सुतार-मिस्त्र्यांपुरता राहिलेला नाही. दुकानदाराला विचारावे तर तो नव्याची शिफारस करतो, कारागिराला विचारावे तर तो जुन्याची वकिली करतो. दोघांचाही स्वार्थ उघड असल्यामुळे दोघांनाही दोष देण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्या खिशातून पैसे जायचे त्याने निवाडा कोणत्या आधारावर करावा, हे त्याला कोणीच सांगत नाही.

छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात तर हा प्रश्न अधिकच चमत्कारिक ठरतो. चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींनी शहर वेढलेले आहे. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यापासून सुट्या भागांचे कितीतरी लहानमोठे उद्योग भोवती उभे राहिले, आणि त्यामुळे यंत्र उघडून पाहण्याची भीती नसलेला एखादा फिटर किंवा टर्नर आपल्या गल्लीत किंवा नात्यात सहज सापडतो. विहिरींवरच्या पंपांच्या मोटारी भरून देणारे कारागीर मराठवाड्यात गावोगाव आहेत. दुरुस्तीचे ज्ञान इतके मुबलक असूनही या लहानशा हत्यारापुढे ते पुष्कळदा थबकते, याचे कारण त्याच्या रचनेतच आहे.

१. एका मुठीत दोन वस्तू

विजेवर चालणारे हाती ड्रिल जर्मनीतील श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ साली तयार केले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा घोडा ही आज सर्वत्र दिसणारी घडण अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीची असून तिचे पेटंट १९१७ सालचे आहे, आणि वायरीपासून सुटका झालेले पहिले ड्रिल याच कंपनीने १९६१ साली बाजारात आणले. या इतिहासातील शेवटचा टप्पा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कारण त्या दिवसापासून ड्रिल ही एक वस्तू न राहता दोन वस्तू झाल्या. एक यंत्र, म्हणजे मोटार, गिअर, चक (भोक पाडणारे बिट पकडणारा जबडा) आणि स्विच. दुसरी बॅटरी, जी यंत्रविद्येपेक्षा रसायनशास्त्राच्या अमलाखाली येते.

या दोहोंचे झिजण्याचे नियम भिन्न आहेत. यंत्र वापराने झिजते. कपाटात ठेवलेली मोटार दहा वर्षांनीही बहुधा जशीच्या तशी फिरते. बॅटरी मात्र वापराने झिजते आणि न वापरताही झिजते. ज्या दिवशी ती कारखान्यातून बाहेर पडते त्या दिवसापासून तिची मुदत भरू लागते. म्हणून घरगुती ड्रिलच्या बाबतीत नेहमी असे घडते की जिला शंभर भोकेही पाडावी लागलेली नाहीत अशी तरणीताठी मोटार एका वृद्ध बॅटरीला जखडलेली असते, आणि मालक मात्र ‘ड्रिल गेले’ असे म्हणतो. कोणती वस्तू गेली हे निश्चित झाल्यावाचून दुरुस्तीचा किंवा खरेदीचा विचार सुरूच होऊ शकत नाही.

२. बिघाड नसलेले बिघाड

त्याहीआधी एक खातरजमा करून घ्यावी. घोड्याच्या वर पुढे-मागे फिरण्याची जी कळ असते ती मधोमध राहिली तर घोडा दाबलाच जात नाही. ती उलट बाजूला राहिली तर बिट उलटे फिरते, तापते, भिंतीवर काळा डाग पाडते, पण आत शिरत नाही. चकमागच्या आकड्यांच्या कड्यावर लहान आकडा असेल तर थोडा जोर पडताच कडकड आवाज होऊन फिरणे थांबते. तो बिघाड नसून स्क्रू जास्त आवळला जाऊ नये म्हणून केलेली योजना आहे, आणि भोक पाडताना ते कडे ड्रिलच्या चिन्हावर आणावयाचे असते. बोथट बिट, लोखंडाचे बिट विटेला लावणे, चक हाताने पुरता न आवळणे, यांचाही समावेश याच वर्गात करावा. दुरुस्तीला आलेल्या हत्यारांपैकी काही या एका परिच्छेदातच बरी होण्यासारखी असतात, आणि त्यांच्या मालकांना त्याबद्दल पैसे मोजावे लागतात.

३. बॅटरी म्हातारी होते म्हणजे काय होते

बॅटरीच्या डब्यात सुटे सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि त्यांच्या व्होल्टची बेरीज होते. जुन्या निकेल-कॅडमियम सेलचा दाब १.२ व्होल्ट, तर लिथियम-आयन सेलचा सुमारे ३.६ व्होल्ट असतो. १८ व्होल्टचे ड्रिल चालविण्यास पहिल्या जातीचे १५ सेल लागत, दुसऱ्या जातीचे ५ पुरतात. लिथियमचे ड्रिल हाताला हलके लागते त्याचे हे एक कारण. पूर्ण भरलेला लिथियम सेल ४.२ व्होल्टपर्यंत चढतो, म्हणजे पाच सेलांचे होतात २१. एकाच पाच सेलांच्या बॅटरीवर कोणी १८ लिहितो, कोणी २०, कोणी २१, आणि ग्राहक समजतो की २१ चे हत्यार अधिक ताकदीचे. ‘४८ व्हीएफ’ अशी विलक्षण अक्षरे मिरविणारी स्वस्त ड्रिलेही बाजारात मिळतात. त्या अक्षरांवरून डबा उघडल्यावर आत काय निघेल याचा अंदाज बांधू नये.

दुसरा आकडा अँपिअर-अवर, म्हणजे साठ्याचा. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-अवर यांचा गुणाकार ३६ वॉट-अवर होतो. भिंतीत भोक पाडताना ड्रिल ३०० वॉट घेते असे समजा. ३६ ला ३०० ने भागले की ०.१२ तास, म्हणजे सलग सात मिनिटे. सात मिनिटे ऐकायला थोडी वाटतात. परंतु एक भोक अर्ध्या मिनिटाचे धरले तर चौदा भोके होतात, आणि एका खोलीला तेवढी सहसा लागत नाहीत.

आता वार्धक्य. त्याची दोन रूपे आहेत आणि ती निराळी ओळखता आली पाहिजेत. पहिले रूप साठा घटण्याचे: सातऐवजी चार मिनिटे. हे सोसण्यासारखे असते, मधून एकदा चार्जिंग केले की भागते. दुसरे रूप अंतर्गत विरोध वाढण्याचे, आणि ते हत्याराच्या जिवावर बेतते. जायकवाडी धरणाचे पाणी काही दिवसांआड येणाऱ्या या शहरात गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली असूनही क्षारांनी तुंबलेल्या नळीतून करंगळीएवढी धार कशी येते, हे कोणाला सांगावे लागत नाही. जुन्या सेलची स्थिती तशीच असते. साठा आत असतो, पण मोटार जेव्हा एकदम जोराने मागते तेव्हा तो तेवढ्या वेगाने बाहेर पडू शकत नाही.

आकड्यांत मांडून पाहू. नव्या पाच सेलांच्या बॅटरीचा एकूण विरोध ०.१ ओहम आहे आणि भिंतीत शिरताना मोटार २० अँपिअर मागते असे धरले, तर आतल्या आत २० गुणिले ०.१, म्हणजे २ व्होल्ट खर्ची पडतात आणि मोटारीला १६ मिळतात, काम चालते. तोच विरोध वयोमानाने ०.३ झाला तर ६ व्होल्ट आत जिरतात, मोटारीच्या वाट्याला १२ उरतात, आणि सेलांना इजा होऊ नये म्हणून बसविलेले संरक्षक सर्किट तत्काळ पुरवठा तोडते. प्रारंभी सांगितलेल्या दोन गिरक्यांचे रहस्य हे आहे. मोकळे फिरविले तर हेच ड्रिल छान फिरते, मल्टिमीटर लावला तर १८ च्या वर व्होल्ट दाखवितो, आणि ‘बॅटरी चांगली आहे, मोटारच गेली असावी’ असा चुकीचा निकाल दिला जातो. बोजा नसताना घेतलेली साक्ष या खटल्यात ग्राह्य धरू नये.

हे वार्धक्य लवकर आणणाऱ्या गोष्टींत उष्णता अग्रगण्य आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत पत्र्याच्या खोलीत, गाडीच्या डिकीत किंवा गच्चीवरच्या माळ्यावर ठेवलेली बॅटरी बाहेरच्या हवेपेक्षाही तापते. त्यात ती पूर्ण भरून ठेवलेली असेल तर आतली अनिष्ट रासायनिक क्रिया अधिकच वेगाने चालते. दीर्घकाळ ठेवावयाची बॅटरी अर्धी भरून, घरातील थंडातल्या थंड जागी ठेवावी आणि चार-सहा महिन्यांनी तिची विचारपूस करावी. अगदी रिकामी ठेवणे त्याहून वाईट. सेल आपोआप थोडे थोडे उतरत जातात, संरक्षक सर्किटही कणभर वीज खात राहते, आणि प्रत्येक सेल सुमारे २.५ व्होल्टच्या खाली गेला की चार्जर लाल दिवा दाखवून भरण्यास नकार देतो. काही धाडसी लोक अशा वेळी दुसऱ्या बॅटरीचा ‘झटका’ देऊन तिला जागे करतात. फार खाली उतरलेल्या सेलमध्ये तांब्याचा पत्रा विरघळून तेच तांबे भलत्या ठिकाणी बसलेले असण्याचा संभव असतो; असा सेल नंतर भरताना आतून जोडला जाऊन पेट घेऊ शकतो. चार्जरचा नकार हा हट्ट नसून हुकूम आहे असे समजावे.

बॅटरी गेली असे ठरले की दोन मार्ग उरतात: कंपनीची नवी बॅटरी घेणे, किंवा जुन्या डब्यात नवे सेल भरून घेणे. विजेच्या दुचाक्या वाढल्यापासून दुसरे काम करणारे कारागीर बरेच झाले आहेत. त्यांच्याकडे जाताना चार गोष्टी विचाराव्यात. सेल मोठा प्रवाह देऊ शकणाऱ्या जातीचे आहेत काय, कारण लॅपटॉपमधून काढलेले सेल आकाराने तेच असले तरी ड्रिलचा जोर सोसत नाहीत. पाचही सेल एकाच बनावटीचे व एकदमच बदलणार काय. कारण ओळीत जोडलेल्या सेलांत सर्वांत दुबळा जो असेल त्याच्या कुवतीवर सर्वांची कुवत ठरते, आणि एकच सेल बदलून वाचविलेले पैसे काही महिन्यांत परत द्यावे लागतात. जोडणी स्पॉट वेल्डिंगने होणार की सोल्डरने, कारण सेलच्या बुडाला सोल्डरची उष्णता देणे त्याला घातक असते. आणि मूळचे संरक्षक सर्किट कायम राहणार काय. कारागीर या प्रश्नांनी रागावला तर दुसरा शोधावा.

एक कसोटी ग्राहकाला स्वतःलाच लावता येते. या कामातला नेहमीचा सेल १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब असतो, म्हणून त्याला १८६५० म्हणतात, आणि त्या आकारात साधारण साडेतीन अँपिअर-अवरच्या पलीकडे साठा मावत नाही. अशा पाच सेलांच्या डब्यावर कोणी ६ अँपिअर-अवर छापले असेल तर छापणाऱ्याच्या सत्यनिष्ठेबद्दल पुढचा तपास करण्याचे कारण उरत नाही.

निकेल-कॅडमियमच्या जुन्या ड्रिलांसंबंधी माझे मत थोडक्यात सांगतो: त्यांना सन्मानाने निवृत्त करावे. कॅडमियम विषारी असल्यामुळे युरोपीय संघाने बिनतारी हत्यारांतील अशा बॅटऱ्यांना बंदीतून दिलेली सवलत २०१६ च्या अखेरीस संपुष्टात आणली, आणि त्यानंतर चांगल्या सेलांचा ओघ आटत गेला. कोणी कारागीर १४.४ व्होल्टच्या डब्यातील बारा सेल काढून तेथे चार लिथियम सेल बसवून देतो. बेरीज बरोबर येते, परंतु जुना चार्जर लिथियमला कोठे थांबायचे हे जाणत नाही. चार्जर न बदलता केलेले हे रूपांतर म्हणजे घरात आग लागण्याची तजवीज होय.

४. यंत्राची तपासणी

यंत्र निर्दोष आहे की नाही हे ठरविण्याचा उत्तम उपाय फुकटचा आहे: त्याच कंपनीची, त्याच मालिकेची चांगली बॅटरी शेजाऱ्याकडून किंवा ओळखीच्या सुताराकडून पाच मिनिटे मागून आणावी. तिच्यावर यंत्र जोराने चालले तर पुढचे काही वाचण्याची आवश्यकता नाही.

न चालल्यास क्रमाने पाहावे. मोटारीच्या फटीतून निळ्या ठिणग्यांचा वर्षाव दिसत असेल, करपल्याचा वास येत असेल आणि मुठीला थापट मारल्यावर फिरणे सुरू होत असेल, तर कार्बन झिजले असण्याचा संभव मोठा. फिरत्या भागाला वीज पोचविणारे हे कोळशाचे दोन ठोकळे झिजण्यासाठीच बसविलेले असतात. ते सुटे निघत असतील तर बदल अल्प खर्चात होतो. पुष्कळ स्वस्त ड्रिलांत मात्र मोटार म्हणजे बंद डबी असते, आणि पंपाची मोटार डोळे मिटून भरून देणारा आपला कारागीरही ती भरीत नाही; डबीच बदलावी लागते. ब्रशलेस जातीत कार्बन नसतातच, त्यांचे काम इलेक्ट्रॉनिक पट्टी करते. ती पट्टी क्वचित जाते, पण गेली की तिची किंमत ऐकून नव्या यंत्राची आठवण होते.

घोडा हळू दाबूनही यंत्र एकदम पूर्ण वेगानेच सुटत असेल तर स्विच गेला. चकमध्ये सरळ बिट बसवून फिरविल्यावर त्याचे टोक वर्तुळ काढीत असेल तर चक किंवा त्यामागचा दांडा वाकडा झाला आहे. चक बदलण्यासारखा असतो. मात्र त्याच्या जबड्यांच्या तळाशी एक स्क्रू असतो आणि तो पुष्कळ यंत्रांत उलट्या आट्यांचा असतो, हे ठाऊक नसलेले उत्साही लोक तो आवळून आवळून तोडतात. गिअरमधून खरखर येत असेल तर उघडून पाहावे: वंगण सुकले असेल तर भाग्य, नायलॉनचे दाते उडाले असतील तर संपूर्ण गिअरपेटी बदलणे आले.

कार्बन, स्विच किंवा चक यांपैकी एक गेले असता दुरुस्ती करावी. मोटार आणि गिअर दोन्ही गेले असता करू नये. त्यांच्या मधल्या प्रदेशात हिशेब करावा लागतो.

५. हिशेब

‘दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून अधिक असेल तर नवे घ्यावे’ असा एक लोकप्रिय नियम आहे. तो वाईट नाही, पण ‘नवे’ म्हणजे कोणते हे तो सांगत नाही. पोलादी गिअरचे जुने यंत्र आणि दुकानातले सर्वांत स्वस्त नवे यंत्र यांची तुलना करून काढलेला निम्मा हा आकडा निरर्थक आहे. शिवाय तो नियम उरलेल्या वर्षांकडे पाहत नाही. त्यापेक्षा खर्चाला त्यातून मिळणाऱ्या वर्षांनी भागावे. पुढील किमती केवळ उदाहरणादाखल धरल्या आहेत. वाचकाने आपल्या दुकानातले आकडे त्या जागी घालावेत.

चार वर्षांचे चांगल्या कंपनीचे ड्रिल, यंत्र ठणठणीत, बॅटरी निकामी. नवी बॅटरी २,८०० रुपये, नवा पूर्ण संच दोन बॅटऱ्यांसह ८,००० रुपये. बॅटरी चार वर्षे टिकेल असे धरले तर पहिल्या मार्गाने वर्षाला ७०० रुपये पडतात. दुसऱ्या मार्गात बहुतेक जण म्हणतात, दोन बॅटऱ्या म्हणजे आठ वर्षे, वर्षाला १,००० रुपये, आणि यंत्रही नवे. येथेच गफलत आहे. बॅटरी मुदतीने मरते असे आपण पाहिले. कपाटातल्या दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी म्हाताऱ्या होणार, एकीची पाळी संपल्यावर दुसरीची सुरू होणार नाही. खरा भाव वर्षाला २,००० रुपये. घरगुती वापरणाऱ्याने दोन बॅटऱ्यांचा संच घेणे म्हणजे एक बॅटरी जपून ठेवून वाया घालविणे होय. ती चैन रोज काम करणाऱ्यालाच परवडते, कारण तो दोहोंना खरोखर राबवितो.

दुसरे उदाहरण २,००० रुपयांच्या ड्रिलचे. सेल भरण्याचे १,२०० आणि डुगडुगणाऱ्या चकचे ४०० मिळून १,६०० रुपये झाले; गिअर नायलॉनचे, मोटार बंद डबीतली. येथे दुरुस्तीचा पुरस्कार करणे केवळ भावनेपोटी शक्य आहे.

तिसरे उदाहरण वेगळ्या माणसाचे. स्वयंपाकघरातील कपाटे बसविणाऱ्या फिटरचे ड्रिल दुरुस्तीला गेले, दुरुस्ती ९०० रुपयांची, पण ते तीन दिवसांनी मिळणार. त्याची रोजची कमाई १,२०० रुपये धरली तर तीन दिवसांचे ३,६०० बुडाले आणि ती दुरुस्ती वस्तुतः ४,५०० रुपयांना पडली. त्याने त्याच दिवशी नवे घ्यावे, हे योग्यच. पण जुने टाकून द्यावे असा त्याचा अर्थ नाही. सावकाश दुरुस्त होऊन आलेले तेच यंत्र पुढच्या बिघाडाच्या दिवशी त्याची रोजी वाचविते. रोजंदारीवर हत्यार चालविणाऱ्यासाठी ‘दुरुस्ती की नवे’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘दोन्ही’ असे असते.

६. बॅटरी ज्या मालिकेची, मालक त्या मालिकेचा

नवे यंत्र घेताना आपण वास्तविक एका बॅटरी-मालिकेत प्रवेश करीत असतो. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्रात बसत नाही. इतकेच नव्हे, बॉशच्या निळ्या, कारागिरांसाठीच्या १८ व्होल्टच्या यंत्राची बॅटरी त्याच कंपनीच्या हिरव्या, घरगुती यंत्रात बसत नाही. उलट बाजूस मकिताची १८ व्होल्टची मालिका २००५ पासून चालू आहे. ज्या मालिकेची बॅटरी आजही सुटी विकत मिळते तिचे जुने यंत्र जिवंत समजावे; जिची मिळत नाही ते यंत्र, मोटार कितीही चांगली असली तरी, वारस नसलेल्या इस्टेटीसारखे पडून राहणार. म्हणून दुरुस्तीचा निर्णय करण्यापूर्वी शहागंज-गुलमंडीच्या दुकानात एवढेच विचारावे, की या नंबरची सुटी बॅटरी आणि सुटा चक आणून द्याल काय आणि किती दिवसांत. उत्तर देताना दुकानदार किती अडखळतो त्यावरून पुष्कळ कळते.

या बाबतीत सरकारही अलीकडे जागे झाले आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले. उत्पादकांनी सुट्या भागांची व दुरुस्तीची माहिती तेथे खुली करावी हा त्याचा हेतू. भर शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने यांवर असल्यामुळे ड्रिलवाल्याने त्यापासून फार अपेक्षा बाळगू नये. हमीच्या मुदतीच्या आत बिघडलेल्या मालाची तक्रार मात्र पावती जपून ठेवली असेल तर १९१५ या क्रमांकावर जरूर करता येते.

७. भिंत कोणती?

आतापर्यंतचा विचार बिनतारी ड्रिल हवेच आहे असे गृहीत धरून झाला. ते गृहीत तपासण्यासारखे आहे.

आपले शहर दख्खनच्या काळ्या बेसॉल्टवर वसलेले आहे. वेरूळची ३४ लेणी ज्या पाषाणात कोरली तोच आपल्या काँक्रीटमध्ये खडी होऊन बसला आहे. विटेच्या भिंतीत साधे बिनतारी ड्रिल निमूटपणे शिरते. परंतु खिडकीवरच्या लिंटेलमध्ये, स्लॅबमध्ये किंवा खांबात बिटाची गाठ काळ्या खडीशी पडली की फिरणे थांबते आणि माणूस सगळे वजन टाकून रेटू लागतो. अडलेली मोटार फिरत्या मोटारीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, तारेवरचे वार्निश करपते, सेल तापतात, आणि ज्या ड्रिलांना आपण ‘वयोमानाने गेली’ म्हणतो त्यांपैकी बरीच एखाद्या दुपारी लिंटेलखाली मारली गेलेली असतात. आठव्या शतकात वेरूळच्या कैलास लेण्याचा पाथरवट छिन्नी आणि हातोडीने काम करी. कठीण दगड फिरण्यापेक्षा आघाताला वश होतो हे त्याला माहीत होते. काँक्रीटसाठी आघात करणारे रोटरी हॅमरच हवे, आणि वर्षातून दोनदा लागणारे ते यंत्र विकत घेण्यापेक्षा मिस्त्रीला बोलावणे स्वस्त पडते.

मग उरलेल्या कामाला काय? माझे मत स्पष्ट आहे आणि ते विक्रेत्यांना रुचणार नाही. ज्याच्या घरात प्रत्येक खोलीत विजेचा प्लग आहे आणि ज्याला वर्षाकाठी पाच-दहा भोके पाडावयाची आहेत, त्याने मेलेल्या बिनतारी ड्रिलच्या जागी वायरीचे, आघाताची सोय असलेले साधे ड्रिल घ्यावे. त्याला मुदतीने मरणारा अवयवच नाही. पाच वर्षे कपाटात राहून ते पहिल्या दिवसाइतक्याच जोराने चालते, त्याचे कार्बन सुटे मिळतात, आणि ते उघडून नीट करणारा माणूस पैठण गेटपासून वाळूजपर्यंत कोठेही भेटतो. वायरीची गैरसोय खरी आहे, पण ती दहा मिनिटांची आहे. शिडीवर चढून स्क्रू आवळणारा, नव्या इमारतीत वीज येण्यापूर्वी काम करणारा किंवा शेतातल्या गोठ्यावर पत्रे ठोकणारा यांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी बिनतारी हत्यार ही चैन नव्हे, आणि वर केलेला हिशेब त्यांनी जरूर करावा.

८. जाणाऱ्याची विल्हेवाट

जुने जायचेच ठरले तर त्यातून बिटे, मूठ आणि चांगला असल्यास चक काढून ठेवावा. बॅटरीशिवायचे यंत्र दुरुस्ती करणाऱ्याला द्यावे; त्याला त्यातला स्विच किंवा गिअर उद्या कोणाच्या तरी कामी लावता येतो. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले असून विजेची ड्रिले त्यांत गणलेली आहेत, आणि बॅटऱ्यांसाठी त्याच वर्षीचे स्वतंत्र नियम आहेत. जुना माल परत गोळा करण्याची जबाबदारी दोन्हींत उत्पादकावर टाकलेली आहे. बॅटरी घंटागाडीत टाकू नये, कचऱ्याच्या दाबाने सेल चेपला तर तो गाडीतच पेटतो. तिच्या पत्र्याच्या टोकांवर चिकटपट्टी लावून कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्यावी. फुगलेली असेल तर चार्जिंगला न लावता, न टोचता, त्याच दिवशी घराबाहेर काढावी. नवे यंत्र त्याच मालिकेचे नसेल तर जुना चार्जरही तिच्याबरोबर द्यावा. तो घरात राहिला तर केव्हातरी कोणीतरी त्यात भलतीच बॅटरी खुपसतोच.